नागपूरहून न्यू जर्सी: पहिल्या आठवड्यात ऊन कधी घ्यायचं, कधी टाळायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही ५८ वर्षांच्या, मिस्टर ६४ चे. मेच्या शेवटी तीन आठवड्यांसाठी लेकीकडे, न्यू जर्सीत एडिसनला निघालात. कधी व्हिसा, कधी सासूबाईंचं आजारपण, असं करत वर्षानुवर्षं रखडलेला प्रवास अखेर जुळून आलाय. विमान शनिवारी सकाळी सातच्या सुमारास नेवार्कला उतरणार. सोमवारी तिकडे मेमोरियल डेची सुट्टी, म्हणून जावयांनी रविवारी पहाटेच नायगाराला निघायचं ठरवलंय. मिस्टर रात्री १० ला ग्लार्जिन इन्सुलिन घेतात, शिवाय शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या आहेत. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पुतणीचं लग्न. आणि धरमपेठच्या मैत्रिणीने सांगितलंय, ‘तिकडे गेल्यावर सकाळचं ऊन घ्यायचं आणि दिवसा झोपायचं नाही, बस.’ एवढ्यावर जेटलॅग, म्हणजे दूरच्या प्रवासात वेळ बदलल्याने झोप-भुकेचा होणारा गोंधळ, टळेल का, हा तुमचा प्रश्न.

नायगारा एक आठवडा पुढे ढकला. तीन आठवडे हातात असताना दुसऱ्या दिवसाचा हट्ट कशाला? एडिसनहून नायगारा साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने सहा-सात तास. जावई चालवतील, ते ताजेतवाने असतील, तो प्रश्नच नाही. प्रश्न तुमचा आहे. धबधब्यावर अंधार पडल्यावर रंगीत दिवे सोडतात, आणि मेअखेरीस तिकडे अंधार पडायला नऊ वाजतात. रविवारी रात्री नऊला तुमचं शरीर पहाटेच्या पाचच्या आसपास असेल. इतक्या वर्षांनी नायगारा गाठायचा आणि कठड्याला टेकून पेंगायचं, असे लोक मी बरेच ऐकले आहेत. फोटोत सगळे हसतात, आठवत काही नसतं.

आता मैत्रिणीचा सल्ला. तो चुकीचा नाही, पण तुमच्या पहिल्या तीन दिवसांना लागू पडत नाही. जेटलॅगचा थकव्याशी संबंध कमी आणि वेळेशी जास्त. पंधरा तास बसून अंग आंबतं ते एका रात्रीच्या झोपेने सुटतं. मागे राहतं ते वेगळंच. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. झोप, शरीराचं तापमान, भूक, कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक, सगळ्यांचं वेळापत्रक तिथून चालतं. पेशीच्या आत हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं ते शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ मूळचं २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं. त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं, आखडणं जड जातं. म्हणूनच पश्चिमेला जाताना ते रोज साधारण दीड तास सरकतं आणि पूर्वेला येताना जेमतेम एक तास. वय वाढलं की दोन्ही वेग मंदावतात.

या घड्याळाला भिंतीवरचे आकडे कळत नाहीत, प्रकाश कळतो. तोही कोणत्या वेळी पडला यावर सगळं अवलंबून. रोज पहाटे, नेहमीच्या जाग येण्याच्या दोन-अडीच तास आधी, शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. तुम्ही सहाच्या सुमारास उठत असाल तर ही वेळ पहाटे चारच्या आसपास धरा. या बिंदूच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर भरपूर प्रकाश पडला तर घड्याळ उशिराकडे सरकतं, म्हणजे आपल्याला अमेरिकेला जाताना हवं तसं. बिंदू उलटून गेल्यावर पडला तर उलट, लवकरच्या दिशेने ओढलं जातं. दुपारच्या मधल्या तासांत प्रकाशाचा फारसा फरक पडत नाही.

आता तुमचा हिशेब करू. मेमध्ये न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं (नोव्हेंबर ते मार्च साडेदहा). आपली पहाट चार म्हणजे तिथली आदल्या दिवशीची संध्याकाळ साडेसहा. म्हणजे शनिवारी तुमच्या शरीराची सर्वांत खोल रात्र एडिसनमध्ये संध्याकाळी साडेसहाला येणार, बाहेर लख्ख ऊन असताना. उपयोगाचा प्रकाश त्याआधीचा, दुपारी दोन ते साडेपाच-सहा. सकाळी सहाला तिथे अंगणात जाऊन उभं राहिलात तर शरीराच्या दृष्टीने ती दुपारची साडेतीन. छान वाटेल, बिघडणार काही नाही, पण घड्याळ जागचं हलणार नाही. मैत्रिणीचा सल्ला इथे फसतो.

तेव्हा शनिवार असा काढा. सातला उतरून इमिग्रेशन, सामान, गाडी करत घरी पोचायला दहा वाजतील. आंघोळ, गरम वरणभात, आणि मग तास-सव्वा तास पडा. ‘दिवसा अजिबात झोपायचं नाही’ हे साठीच्या माणसाला, विमानात धड डोळा लागलेला नसताना, सांगणं मला पटत नाही. फक्त गजर लावा आणि लेकीला सांगून ठेवा, की आईबाबा कितीही ‘पाच मिनिटं’ म्हणाले तरी एकच्या आधी उठवायचं. दोनला घराबाहेर. एडिसनमध्येच रूझवेल्ट पार्क आहे, तळं आहे, बाक आहेत. नाहीतर ओक ट्री रोडवर चक्कर मारा, भाजीच्या दुकानात कढीपत्ता आणि दुधी बघून तुम्हाला धीर येईल. मॉल मात्र नको. घरात किंवा दुकानात दिव्यांचा प्रकाश काहीशे लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो, आणि बाहेर ढगाळ असलं तरी दहा हजारांच्या घरात जातो. डोळ्यांना दोन्ही उजेडच वाटतात, मेंदूतल्या त्या पुंजक्याला वाटत नाहीत. गॉगल पिशवीत राहू द्या, टोपी चालेल. सूर्याकडे बघायचं नाही, उघड्यावर असणं पुरे.

साडेपाच-सहाला घरात या आणि पडदे ओढा. त्या सुमारास तुम्हाला थंडी वाजेल, मे महिना असून शाल मागाल. तापमान तळाला गेलेलं असतं, म्हणून. साडेसहाला हलकं जेवण, आणि कसंबसं साडेआठपर्यंत मंद दिव्यात गप्पा. सातलाच कोसळलात तर रात्री बाराला उठून बसाल. रविवारी हाच बिंदू आठच्या आसपास, सोमवारी साडेनऊला, असा रोज दीड तास पुढे जाईल. त्या हिशेबाने उन्हात राहण्याची वेळही लांबवायची. रविवारी साडेसातपर्यंत बाहेर राहा. सोमवारपासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे सव्वाआठपर्यंत, आणि नंतर घरातले दिवेही मोठे ठेवा. गुरुवार-शुक्रवारी तो बिंदू मध्यरात्र उलटून जाईल. मग सकाळी साडेसहा-सातला उठून ऊन घ्यायला लागा, तेव्हा मैत्रिणीचा सल्ला बरोबर ठरतो. हे आकडे मिनिटावर बसत नाहीत, माणसागणिक तास-दीड तास इकडेतिकडे होतो. तुम्हा दोघांतही फरक पडेल, आणि बहुधा ज्यांना रात्री उशिरापर्यंत जागायची सवय आहे ते आधी रुळतील.

रात्रीचं जागरण मात्र टळणार नाही. शनिवारी नऊला झोपलात तरी एक-दीडला डोळे टक्क उघडतील, कारण नागपुरात तेव्हा सकाळचे साडेदहा-अकरा झालेले असतात. माझ्याकडे परत येऊन सगळे हेच सांगतात, ‘डॉक्टर, झोप येऊनच नाही राहिली, मग म्हटलं इकडे सगळे जागे आहेत तर फोन करून घेऊ.’ आणि मग व्हिडिओ कॉल. बहीण, शेजारच्या काकू, सोसायटीचा ग्रुप, नातवाचे फोटो. पहाटेचे चार वाजतात. हा कॉल पहिले तीन-चार दिवस बंद. इथल्या लोकांना निघण्याआधीच सांगून ठेवा, की तिथल्या सकाळी आठला, म्हणजे इथल्या संध्याकाळी साडेपाचला बोलू. जाग आली तर दिवा मंद ठेवा, पडून राहा, अर्ध्या-पाऊण तासाने उठून खुर्चीत बसा, नामस्मरण करा, स्वेटर विणा. भूकही लागेल, कारण यकृताचं घड्याळ अजून नागपुरातच असतं आणि ते मेंदूच्याही मागून येतं. मूठभर भाजलेले चणे किंवा ज्वारीच्या लाह्या खा. संत्रा बर्फीचा डबा लेकीसाठी नेलाय तो लेकीच्या ताब्यात द्या, रात्री दोनला तो हाताला लागू नये. पोट दोन-तीन दिवस साफ होणार नाही, त्याचंही कारण हेच. पाणी, फळं, चालणं, फार तर इसबगोल. शेवटचा चहा दुपारी दोनला, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास घेतं.

आता मिस्टरांचं इन्सुलिन. तुमच्या पत्रात हे एका ओळीत आलंय, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं हेच.

रात्री १० चं ग्लार्जिन तिथेही रात्री १० लाच घ्यायला गेलात तर पहिल्या दोन डोसांत साडेतेहतीस तासांचं अंतर पडतं. शुगर चढते, आणि चढली म्हणून कोणीतरी मध्येच जास्तीचा डोस सुचवतं. त्यापेक्षा सोपा मार्ग असा, की वेळ बदलूच नका. नागपूरचे रात्रीचे १० म्हणजे एडिसनचे दुपारचे साडेबारा. शुक्रवारी रात्री १० चा डोस मुंबई विमानतळावर, पुढचा शनिवारी दुपारी साडेबाराला लेकीच्या घरी, आणि तीन आठवडे रोज साडेबाराला. विमानात सुई नाही, गणित नाही, परत येताना पुन्हा आपोआप रात्रीचे १० होतात. (शनिवारी त्या वेळी मिस्टर झोपलेले असतील. उठवा, डोस द्या, वाटल्यास पुन्हा पडू द्या.) बहुतेक रुग्णांना मी हेच सुचवतो, पण त्यांची शुगर, किडनी, बाकीच्या गोळ्या मला माहीत नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून हे कागदावर लिहून घ्या. हे फक्त दिवसातून एकदाच्या, दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनबद्दल आहे. जेवणाआधीचं किंवा मिक्स इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब जेवणाबरोबर चालतो, त्यांनी हे वाचून स्वतःला लावून घेऊ नये.

शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर ती जेवण समोर आल्यावरच. विमानात ट्रे आला नाही, किंवा आला आणि खाल्लं गेलं नाही, तर गोळीही नाही. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध असेल तर ते तिथल्या सकाळीच घ्या, नाहीतर आधीच तुटकी झोप, त्यात रात्रभर बाथरूम. बीपीच्या एकदाच्या गोळ्यांना पहिल्या दिवशी काही तास इकडेतिकडे झालेलं सहसा चालतं. डॉक्टरांकडे जाताय तेव्हा हेही विचारून घ्या.

आणि एक गोष्ट लेकीला नीट समजावा. पहिल्या दिवसांत बाबा गळाल्यासारखे दिसले, थरथरले, घाम आला, बोलताना अडखळले, तर ‘जेटलॅग आहे, झोपू द्या’ म्हणायचं नाही. आधी बोटाची शुगर बघायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. झोपेची गुंगी आणि शुगर कमी होणं, दोन्ही बाहेरून फार सारखी दिसतात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट ९११, म्हणजे तिथल्या आपत्कालीन मदतीचा फोन.

इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामानात गोठण्याची भीती असते आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा, आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या फार्मसीला कळत नाहीत.

झोपेच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण निघायच्या आठवड्यात कोणीतरी अल्प्राझोलमची पट्टी आणून देईलच. विमानात ती नको. गुंगीत माणूस सहा-सात तास पाय न हलवता बसतो आणि चार तासांहून लांब प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका तसाही वाढलेला असतो. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा, बसल्या जागी घोटे फिरवा. मिस्टरांना कडेची सीट घ्या. पूर्वी कधी गुठळी झाली असेल किंवा पायाच्या नसा फुगलेल्या असतील तर पायांना दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

मेलाटोनिन हे वेगळं प्रकरण. ती गुंगीची गोळी नव्हे, ‘रात्र झाली’ असा निरोप देणारं शरीरातलंच संप्रेरक. कॉक्रेन या, औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात १० पैकी ९ चाचण्यांत त्याचा फायदा दिसला. अर्धा ते पाच मिलिग्रॅम, म्हणजे थोडा डोसही घड्याळासाठी जवळजवळ तितकाच उपयोगी. पण ते मुख्यतः पूर्वेकडे जाताना, म्हणजे तुमच्या परतीला जास्त कामाचं. जाताना प्रकाश आणि थोडी चिकाटी पुरते. अमेरिकेत ते अन्नपूरक म्हणून चिठ्ठीशिवाय मिळतं आणि डब्यावर लिहिलेला डोस आत असेलच असं नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये.

निघण्याआधीचे दोन दिवस तुमच्या हातात आहेत, आणि बहुतेक जण तेच वाया घालवतात. पापड, लोणचं, मसाले, वजनकाटा, पुन्हा बॅग उघडणं, असं दोन रात्री चालतं. बॅगा बुधवारी बंद करा. जमलं तर शेवटच्या तीन रात्री रोज तासभर उशिरा झोपा आणि तासभर उशिरा उठा, म्हणजे तीन तासांचं काम नागपुरातच उरकेल आणि वर दिलेले सगळे तास तेवढे तुमच्या बाजूला झुकतील. मुंबईला त्याच दिवशी धावत पोचण्यापेक्षा आदल्या रात्रीची गाडी धरून, दिवसा कोणाकडे तरी पाठ टेकून मग विमानतळावर जा.

(कोणाची मुलं कॅलिफोर्नियात असतील तर खोल रात्र संध्याकाळी साडेसहाच्या जागी दुपारी साडेतीनला धरा. तिथे फरक साडेबारा तासांचा, म्हणून सकाळ ते दुपारी तीनचं ऊन. सिडनीला जूनमध्ये जाणाऱ्यांचं उलट. साडेचार तास पूर्वेला, खोल रात्र तिथल्या सकाळी साडेआठला, म्हणजे पहिल्या दिवशी नऊच्या आधी उन्हात जायचं नाही. लंडन-पॅरिसची यात्रा कंपनीची सहल असेल तर उन्हाळ्यात साडेतीन-साडेचार तासांचाच फरक, त्यासाठी एवढा खटाटोप नको.)

राहिलं पुतणीचं लग्न. येताना साडेनऊ तास पूर्वेला, म्हणजे अवघड दिशा. तिकडे रुळल्यावर तुमची पहाट चार म्हणजे नागपुरातली दुपार दीड. पहिल्या दिवशी दीडच्या आधीचं ऊन तुम्हाला उलट्या दिशेला ओढेल आणि घड्याळ साडेनऊ तास अलीकडे यायच्या ऐवजी साडेचौदा तास पलीकडून फिरून येऊ बघेल. म्हणून आल्या आल्या फुटाळ्यावर सकाळची फेरी नको. अंबाझरीही नको. पहिल्या दिवशी दीडपर्यंत, दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत पडदे ओढून घरात राहा, बाहेर जावंच लागलं तर काळा गॉगल. त्यानंतर भरपूर उजेड घ्या. जूनच्या दुपारी नागपुरात उन्हात उभं राहा असं मी सांगणार नाही, व्हरांड्यात किंवा मोठ्या खिडकीशी, कूलर लावून बसलात तरी पुष्कळ. रात्री १० ला मेलाटोनिन घ्यायचं असेल तर इथे घ्या. स्कूटी तीन-चार दिवस तुम्हा दोघांपैकी कोणीच चालवायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला तुमचं शरीर रात्रीच्या दीडला असेल, त्यामुळे सकाळच्या हळदीला तुमच्या भरवशावर कोणतंही काम ठेवू देऊ नका. जाऊबाईंना आत्ताच सांगून टाका. मुहूर्त संध्याकाळचा असेल तर चिंता नाही, सात वाजता तुम्ही दोघं मांडवात सर्वांत ताजेतवाने असाल आणि अकराला बाकीचे जांभया देत असताना तुम्हाला पुन्हा भूक लागलेली असेल. मिस्टरांचा १० चा डोस मात्र पंगतीच्या गडबडीत राहून जातो. पेन तुमच्या पर्समध्ये ठेवा.